काळ्या खोलीची खिडकी

सकाळी पावणेसातला दस्तगीर आपल्या स्टुडिओत जुन्या कॅमेऱ्याचं शटर पुन्हा पुन्हा दाबून पाहत होता. ते मधूनच अडकत होतं. साडेसातला लातूरच्या त्या गल्लीतल्या क्लासची पहिली बॅच सुटली की अर्जाच्या फोटोसाठी पोरांची रांग लागे, आणि २००५ साली त्यांना फोटो लगेच हवा असे.

हैदराबादचा मिस्त्री दुरुस्तीला तयार होता. डिजिटल घेतला तर आतल्या काळ्या खोलीचं काम संपणार होतं, आणि ती खोली होती हसीनाची. भूकंपानंतर छावणीतल्या लोकांच्या ओळखपत्रांचे फोटो दस्तगीरनं याच कॅमेऱ्यानं काढले. नवी नवरी असलेली हसीना तेव्हा ते धुवायला शिकली. आता बायकोला रिकामं कसं बसवायचं, म्हणून तो अडला होता.

ती चहा घेऊन आली तेव्हा तो म्हणाला, "दुरुस्तच करतो. तुझी खोली राहील."

"माझी खोली?" हसीनानं कप ठेवला. "अजी, बारा वर्षं झाली, हाताचा वास जात न्हाई. बिर्याणी केली की तुमचा धाकटा भाऊ इचारतो, भाभी, यातच फोटो धुतले काय?"

"कधी बोलली न्हाईस!"

"अंधारात तुम्ही माझ्याशी लई गोड बोलत होता. म्हणलं, चालू दे."

दस्तगीर लाजला. "उजेडात बी बोलतो की."

"बघू."

दुपारी दोघं जाऊन डिजिटल कॅमेरा ठरवून आले. काळ्या खोलीला खिडकी पाडायला गवंडी उद्या नऊला येणार होता. तोवर पहिल्या बॅचचे फोटो उरकलेले असतात.