बरणीची उघडी बाजू

सुकत घातलेल्या जवळ्याचा वास आला की मला ठाण्याच्या सासरचं माजघर आठवतं. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, काचेच्या पेटीत खारं पाणी भरून समुद्रातले रंगीत मासे पाळले होते. त्या माशांचे चोचले असे, की मेलेलं काही तोंडात घेत नसत. म्हणून मिठागराच्या पाण्यातले केसासारखे बारीक कोळंबीचे जीव मी काचेच्या बरणीत वाढवत असे. त्यांना चिमूटभर तांदळाचं पीठ घालायचं, मग बरणीवर काळं फडकं टाकून खिडकीकडची बाजू तेवढी उघडी ठेवायची. सगळे उजेडाकडे धावून काचेशी गोळा होत आणि मी त्यांना मलमलीने गाळून माशांपुढे टाकत असे. एकदा वडील कल्याणहून आगगाडीने मला माहेरी न्यायला आले. माझं बोचकं बांधून तयार होतं. मामंजी हसून म्हणाले, "न्या की, व्याहीबुवा! पण सूनबाईच्या हाताला गुण आहे हो. दुसऱ्या कोणी हात लावला की बरणीतले जीव सगळे मरून तळाशी बसतात." वडिलांनी बरणी न्याहाळली आणि त्यांचा चेहरा फुलला. "मग राहू दे, पुढच्या खेपेला नेईन," असं त्यांना सांगून माझ्याकडे वळले, "नाव काढलंस हो, पोरी!" ते निघाले, तेव्हा मी खिडकीच्या गजांना कपाळ टेकून त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत उभी होते. मागून सासूबाई म्हणाल्या, "अगं, मासे उपाशी आहेत." आता माझे केस पिकले, पण कोणी माझ्या हाताचं कौतुक केलं की मी अजून आधी दाराकडे बघते.