खेमाभाऊची हजेरीवही

खेमाभाऊ पंचायत समितीवर निवडून आला, तवा मी त्याच्या बाजूच्याच खुर्चीवर होती. मी तुळसाबाई, वांगे-मेथीवाली, मीबी तवाच निवडून आलेली. तो इंझोरीकडच्या बेड्यावर, म्हनजे त्याच्या वस्तीवर, देवीचा पुजारी. पहिल्याच सभेत हा बाप्पा उभा राहून एकेकाचं नाव पुकारू लागला, अन् आमी सारे मुकाट्यानं "हजर" म्हनत गेलो. सभापतीबी म्हनले.

त्याले सवयच तशी. इंग्रजाच्या कायद्यानं बेड्यावरचं लेकरू जन्मलं का चोर. दिवस बुडता पाटलापुढं हजेरी. बावन्न साली कायदा गेला, हजेरी काही गेली नाई. पाटलाच्या जागी देवी बसवली अन् आरती झाली का नावं पुकारनं चालूच. नाव खोडलं का मानूस फरार, म्हनून मेलेल्याइचेबी नावं वहीत. त्याइच्या वतीनं घरचं कोनी "हजर" म्हनते. आता याले काय म्हनावं?

खेमाभाऊले एकच पाह्यजे होतं, बेड्यावर शाळा. नाल्यातून चार किलोमीटर चालून चालून आठ लेकरायनं शाळा सोडली होती. शिक्षनखात्याचे साहेब म्हने, तिथं शंभर मानसं तरी हायेत का? यानं वही टेबलावर ठेवली. चारशे बारा. साहेब खूश होऊन जीपनं मोजाले आले, संग मीबी. भरले एकशे नव्वद.

"बाकीचे कुठे आहेत?"

"इथंच हायेत साहेब," खेमाभाऊ म्हनला. "मेले हायेत."

मले हसू आवरेना. साहेब मात्र तापले. "एकशे नव्वदवर शाळा बसते. पण खोटी वही जोडली तर फाईल बंद. मेलेले आजच खोडा."

आरती झाली. सारा बेडा देवीपुढं बसला. खेमाभाऊनं वही उघडून पेन काढला. पहिलं नाव त्याच्या आज्याचं.

"सोमला."

"हजर," खेमाभाऊची बायको गोमतीबाई रोजच्यासारखी म्हनली.

"नाई," खेमाभाऊ म्हनला. "सोमलाबाबा, आता तुमी कुठंबी जा. कोनी इचारनार नाई."

अन् रेघ ओढली. दोनशे बावीस वेळा तो हेच म्हनला. मी पदर तोंडात धरून रडली.

मंग जित्यायची पाळी आली. त्यानं गोमतीबाईचं नाव पुकारलं. ते उठून उभी राह्यली.

"मेलेले सुटले. मंग मी काहून हजर?"

खेमाभाऊनं वही मिटून माह्या हाती देल्ली.

"सायबाले देजा, तुळसाताई. आमाले नाई लागत आता."