बोटीतली मागची जागा

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोला माझं सगळं माहीत आहे — रक्तदाब, घोरणं, कॉलेजात असताना कुणाकडे चोरून बघायचो ते नावासकट — पण हे नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल तर... असो. सुरुवात केलीच आहे.

आधी सोपी कबुली देतो. मला गळ टाकून मासे पकडायचा नाद आहे. माणूस माण तालुक्यातला. आमच्याकडे पाणी टँकरने यायचं आणि मासा फक्त पुस्तकात, ‘म’ या अक्षराशेजारी असायचा. आजोबा मेंढरं घेऊन पाण्याच्या मागे हिंडले. मी त्यांचा नातू, घरातला पहिला पदवीधर, सुटीच्या दिवशी पाण्यावर नुसता बसून राहतो. आजोबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी माझ्या डोक्याला हात लावून ताप आहे का बघितलं असतं.

पोटापाण्याचं म्हणाल, तर शिरवळच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. इतरांनी बनवलेल्या वस्तूत चूक शोधायची आणि सापडली की लाल शिक्का मारायचा. हे काम मला मिळालं याबद्दल मी आजही मनातल्या मनात आभार मानतो — आईवडिलांचे, हायस्कूलच्या सरांचे, एसटीच्या पासाचेसुद्धा. प्रामाणिक माणूस म्हणून माझं नाव आहे. हे मुद्दाम सांगतो आहे. पुढे उपयोगी पडेल.

तर, सातारा-सांगलीकडच्या हौशी गळवाल्यांचं आमचं एक मंडळ आहे. दर हिवाळ्यात धरणाच्या पाण्यावर स्पर्धा होते. ज्याचा एक मासा सगळ्यात वजनदार, त्याला ढाल. मासा जिवंत ठेवायचा, वजन करायचं आणि परत सोडायचा. काहींकडे बोट असते, बऱ्याच जणांकडे नसते. म्हणून चिठ्ठ्या टाकून एकेका बोटवाल्याबरोबर एकेक बिनबोटीचा बसवतात. बिनबोटीच्याला आमच्यात ‘मागचा’ म्हणतात. बोटवाला पुढे बसतो, बोट त्याच्या मर्जीने जाते, चांगल्या पाण्यात पहिला गळ त्याचा पडतो. मागच्याला मिळतं ते धुऊन निघालेलं पाणी, मोटरचा धूर आणि ‘जरा ती पिशवी दे’ अशी कामं.

मी कित्येक वर्षं मागचा होतो. कोण कुठला मालक, ओळख ना पाळख, आणि मी दिवसभर त्याच्या पाठीकडे बघत बसलेला. एकेकाची पाठ मला अजून आठवते.

मग एका वार्षिक सभेत मी उठलो. शिकलेल्या माणसाने बोललं पाहिजे, असं मला वाटायचं. फळ्यावर खडूने बोट काढली, बाण काढले, माशाचं एक चित्र काढलं (ते चपलेसारखं दिसत होतं, तरी कुणी हसलं नाही), आणि ठणकावून सांगितलं: मागे बसलेल्याच्या गळाला मोठा मासा लागूच शकत नाही. लागूच शकत नाही — हे शब्द माझेच. म्हणून दुपारच्या जेवणानंतर दोघांनी जागा बदलल्याच पाहिजेत. बोट त्यांची असेल, पाणी सगळ्यांचं आहे.

बोटवाले खवळले. कुणी म्हणालं, उठाउठीत बोट उलटेल. कुणी म्हणालं, मग घरातही जागा बदलू का? तेव्हा एकटे आप्पा उभे राहिले. आष्ट्याचे आप्पा. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, आवाजही साधारण ट्रॅक्टरचाच, आणि मंडळातली सगळ्यात देखणी बोट त्यांची.

“पोरगं बरोबर बोलतंय,” आप्पा म्हणाले. “आमी फुडं बसून बसून माजलोय.”

नियम मंजूर झाला. मला सगळे ‘न्यायाधीश’ म्हणू लागले. थट्टेने, पण मला आवडायचं.

आप्पांचं आणखी एक सांगायला हवं. गळ तंगुसाला, म्हणजे त्या नायलॉनच्या दोऱ्याला, बांधायची एक गाठ असते. आमच्या भागात ती सगळ्यांना आप्पांनी शिकवली. दुकानात, गिऱ्हाईक ताटकळत ठेवून. तंगूस ओठात धरून ओला करायचा, वेढे घालायचे, मग हळूच ओढायचं. “ही गाठ सुटली तर माझ्या दुकानातनं फुकाट फॅनबेल्ट न्या,” असं ते छाती ठोकून सांगायचे. कुणीच कधी नेला नव्हता.

नव्या नियमाच्या पहिल्याच स्पर्धेत माझी चिठ्ठी निघाली आप्पांच्या बोटीत.

आता इथून मी जरा अडखळणार आहे. सांभाळून घ्या.

सकाळभर आप्पा पुढे, मी मागे. दोघांनाही तळहाताएवढ्या चिलापी माशांशिवाय काही नाही. भाकरी खाल्ली, शेंगदाण्याची चटणी खाल्ली. मी काही बोलायच्या आधीच आप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले. “ऊठ गड्या. ये फुडं. नियम म्हंजी नियम.” अरुंद बोटीत जागा बदलायची तर एकमेकांना मिठी मारूनच फिरावं लागतं. तशी मिठी मारून, फुगडीचा अर्धा फेरा घेऊन, आम्ही जागा बदलल्या. त्यांचा गुडघा कट्‌कन वाजला. त्या क्षणी मला त्या माणसाबद्दल इतका आदर वाटला की काय सांगू!

आणि लगेच माझ्या गळाला कटला मासा लागला. बऱ्यापैकी मोठा. आप्पांनी हातजाळी अशी अलगद घातली, झोपलेल्या लेकराखाली हात घालावा तशी. माझ्यापेक्षा त्यांनाच आनंद जास्त. “न्यायाधीश, लय भारी! ढाल तुझीच गड्या!” — आजूबाजूच्या बोटींनी वळून बघितलं.

मी काय विचार करत होतो सांगू? ढालीचा तर केलाच. पण त्याहून जास्त त्या फळ्याचा. पुढे बसताक्षणी मासा लागला — म्हणजे माझे बाण बरोबर होते. इतका खरा ठरलेला सिद्धांत मी बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेतही पाहिला नव्हता.

मग ऊन कलायला लागलं, आणि मागे बसलेल्या आप्पांच्या गळाला मासा लागला.

मागे. धुऊन निघालेल्या पाण्यात. मोटरच्या धुरात.

तो मासा किती मोठा होता? आप्पा हात पसरून दाखवतात आणि मी साक्षीदार म्हणून मान हलवतो. या एका बाबतीत आम्ही दोघंही खरं बोलतो. रॉड वाकून पाण्याला टेकला होता. माझा कटला त्याचा धाकटा भाऊ शोभला असता. आप्पा दमले, मासा दमला, आणि शेवटी तो माझ्या बाजूला पाण्यावर आडवा झाला. मी जाळी घेऊन वाकलो.

मी जाळी घालायला उशीर केला — असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. खोटं आहे. मग काही काळ सांगितलं, की जाळीची कड तंगुसाला लागली. नवशिक्याकडून होतं असं. तेही खोटं आहे. मी नवशिका नव्हतो.

आमच्यात सगळ्यांच्या गळ्यात दोरीला एक नेलकटर असतं. गाठ मारल्यावर उरलेलं तंगुसाचं शेपूट कापायला. माझ्या डाव्या हातात जाळी होती. उजव्या हातात — ते नेलकटर कधी आलं? मला माहीत नाही असं लिहिणार होतो. पण माहीत आहे. मी ते मुठीत घेतलं, दांडी फिरवली, तंगूस त्याच्या तोंडात बसवला. नख कापायला लागते तेवढीच तयारी.

टक्.

आप्पांना दिसलं नाही. समोरून ऊन, आणि त्यांची नजर रॉडच्या टोकाला. मासाही क्षणभर तिथंच पडून राहिला. त्यालासुद्धा खरं वाटलं नसावं. मग त्याने शेपटी मारली, माझं तोंड भिजवलं आणि गेला.

आप्पा रॉडसकट मागे धपकन बसले. “ग्येला?”

“गेला.”

“बघ रं, काय झालं. मला हितनं दिसंना.”

तंगुसाचं टोक माझ्या हातात होतं. इथं मला अजून एक संधी होती, तुमच्या लक्षात आलं का? तंगूस तुटला, असं म्हणता आलं असतं. तंगूस तुटतो. मासा मोठा असला की तुटतो, त्यात कुणाचा कमीपणा नसतो. उलट तुटण्याची गोष्ट माणूस आयुष्यभर मिरवतो. पण तुटला म्हटलं असतं, तर आप्पांनी टोक मागितलं असतं. बोटांनी चाचपलं असतं, आणि तुटलेलं नाही, कापलेलं आहे, हे त्यांना लगेच कळलं असतं.

“आप्पा, गाठ सुटली,” मी म्हणालो.

त्यांनी टोक मागितलं नाही. त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं.

काठावर सगळ्यांना त्यांनीच सांगितलं. “माझी गाठ सुटली. ह्या पोराची काय बी चूक न्हाई. जाळी घिऊन निम्मा पाण्यात हुता बिचारा.” ढाल मला मिळाली. मी भाषणही केलं. न्यायाबद्दल. मलकापूरचा एक नर्सरीवाला पुढच्या आठवड्यात आष्ट्याला जाऊन फॅनबेल्ट मागून आला. थट्टेतच मागितला त्याने. आप्पांनी मापाचा बघून, कागदात गुंडाळून दिला.

मग त्यांनी सांगलीला जाऊन डोळे तपासले. मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं. आता त्यांना लांबून येणाऱ्या एसटीची पाटी वाचता येते. म्हणजे माझ्यामुळे त्यांचं भलंच झालं की — हाही विचार मी करून पाहिला आहे. दोन दिवस बरं वाटलं. पण डोळे चांगले झाले तरी आप्पा गाठ मारत नाहीत. पाण्यावर गेलो की गळ आणि तंगूस माझ्या हातात देतात. “तूच मार बाबा. माझ्या हातावर माझा इस्वास न्हाई.” दुकानात शिकवणंही बंद. नवीन कुणी आला तर त्याला माझ्याकडे पाठवतात. मी त्यांना गाठ शिकवतो आणि न चुकता सांगतो, की हिला आप्पांची गाठ म्हणतात. लोकांना वाटतं, काय नम्र माणूस आहे!

सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा मुद्दाम आष्ट्याला गेलो. दुकानात बसलो. चहा आला. “आप्पा, त्या दिवशी बोटीत...” एवढं म्हणालो.

“त्या दिसाचं नाव काढू नगंस,” ते म्हणाले. “तू हुतास म्हणून बरं. दुसरा कोन असता तर गावभर केलं असतं त्यानं. भजी खातूस?”

मी भजी खाल्ली. आणखी एक प्लेट मागवली तीही खाल्ली. आणि परतीच्या एसटीत बसलो.

मंडळाने मला पंच केलं. बोटीतल्या वाटणीचं भांडण झालं की निवाडा माझ्याकडे. कुणी मागच्याला चांगल्या पाण्यावर नेलं नाही, कुणी दुपारी जागा सोडली नाही — मी दोन्हीकडचं ऐकतो आणि निकाल देतो. माझे निकाल कुणी मोडत नाही.

यंदा दिवाळीनंतर आप्पा जीपमागे बोट लावून शिरवळला आमच्या दारात आले. मला वाटलं, कुठं पाण्यावर निघालेत. तर म्हणाले, “ही आता निम्मी तुझी.”

बायको चहाचा कप घेऊन थांबलीच. “आवं आप्पा, येवढं कशापायी?”

“सूनबाई, गाठी ह्यो मारतोय, मी नुसता बसतोय. निम्मी त्येचीच झाली की. मी काय उपकार करत न्हाई.”

बायकोने माझ्याकडे बघितलं. लग्नानंतर इतक्या अभिमानाने तिने माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं — पदवीचा फोटो पाहिला तेव्हाही नाही. मी तोंड उघडलं. काय बोलायला उघडलं होतं, ते मला नक्की माहीत आहे. आणि बोललो काय? म्हणालो, “बरं, आप्पा.”

आता आम्ही दोघं एका बोटीचे मालक आहोत. मी पुढे बसतो. आप्पा आपणहून मागे जातात; म्हणतात, ज्याचा हात पक्का त्यानं पुढं बसावं. दुपारी जेवण झालं की ते उठत नाहीत आणि मीही उठा म्हणत नाही. गेल्या स्पर्धेत एकाने रीतसर तक्रार केली, की मालकी निम्मी-निम्मी असेल तर जागा बदलायचा नियम लागू होतो की नाही? तक्रार पंचाकडे आली. म्हणजे माझ्याकडे. मी सगळ्यांसमोर उभं राहून निकाल दिला, की अशा वेळी दोघांनी आपसात सोय बघून ठरवावं.

लोकांना पटलं. आप्पांनी तर सगळ्यात आधी मान डोलावली. मग आम्ही बोटीत बसलो, आणि त्यांनी मागून हात लांब करून त्यांचा गळ माझ्यापुढे धरला.

मी तंगूस ओठात धरून ओला केला आणि गाठ मारून दिली.