डावी फळी

मला दार ओढता येतं. सेहेचाळीस वर्षांच्या आयुष्यात एवढं एकच काम मी धड केलं, आणि तेही अर्धंच, कारण दाराला दोन फळ्या असतात आणि त्यातली डावी तेवढी माझी.

दर रविवारी संध्याकाळी टीव्हीवर ती अंतराळयानाची मालिका लागायची. कप्तान ऐटीत चालत येतो, समोरचं चंदेरी दार आपोआप दोन्ही बाजूंना सरकतं, तो आत जातो. लोकांना वाटायचं, काय ते यंत्र! ते यंत्र म्हणजे मी. दार उघडताना ऐकू येणारा तो गुळगुळीत ‘सूंऽऽ’ मागाहून भरलेला. खरा आवाज म्हणजे चाकांची कुरकुर आणि माझी धाप. यान सगळं प्लायवूडचं. पुढून चंदेरी रंग, मागून सुताराच्या पेन्सिलीच्या खुणा. दाराच्या दोन्ही अंगांना भिंतीच्या आत कपाटाएवढी एकेक फट होती. एका फटीत डाव्या फळीचा माणूस, दुसऱ्या फटीत उजव्या फळीचा. एकमेकांचं तोंड दिसत नाही. समोर लाल दिवा. दिवा लागला की ओढायचं. तो तीनेक सेकंदांनी विझतो, तोवर फळी पूर्ण आत आलेली हवी.

खरं तर मी तिथे सुतार म्हणून लागलो होतो. पहिल्याच आठवड्यात कप्तानाची खुर्ची बनवली. कप्तान तीवर बसून ताऱ्यांकडे झेपावणार होता, तो बसल्याबरोबर मागच्या मागे झेपावला. मुख्य सुतारांनी खुर्ची पाहिली, मला पाहिलं, आणि सांगितलं की याला दुसऱ्या कुणीतरी बनवून ठेवलेली वस्तू द्या, ती नुसती हलवू दे. अशी डावी फळी माझ्या नशिबी आली आणि माझं नावही ‘डावे’ पडलं.

राहायला ताईकडे, मागच्या खोलीत. ताईने माझ्यासाठी स्थळं पाहण्यात उमेदीची दहा वर्षं घालवली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. माझं बाशिंग कुठल्या ट्रंकेत पडलं होतं देव जाणे. मुलीसमोर बसलो की मी तोंडात मिठाची गुळणी धरायचो. एका मुलीच्या वडिलांनी तर ताईला बाजूला घेऊन हळूच विचारलं, मुलाला ऐकू येतं ना? त्यानंतर ताईने नाद सोडला.

उजवी फळी आधी एक म्हातारे गृहस्थ ओढायचे. त्यांची कंबर धरली आणि त्यांच्या जागी शिवणखात्यातून एक बाई आल्या. परग्रहावरच्या माणसांची हिरवी कातडी शिवायचं काम त्या सहा वर्षं करत होत्या. परग्रहवासी कमी झाले तशा त्या दाराकडे आल्या. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याने आधी सरळ बसावं. पहिल्या दिवशी त्यांची फळी खाडकन उघडली आणि माझी रेंगाळली. कप्तानाचं कोपर सडकून माझ्या फळीवर आपटलं. चहाच्या वेळी त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही दार ओढता की दाराची समजूत काढता?”

त्यावर मी काय बोललो? काही नाही. गुळणी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कातडी शिवायचा जाड दोरा आणला. दाराच्या चौकटीवरून, दोन कड्यांतून ओवून, एक टोक आपल्या मनगटाला बांधलं आणि दुसरं माझ्या. एक हिसका म्हणजे मी तयार आहे. दोन हिसके म्हणजे चुकलात. पहिला महिनाभर मला दोनच मिळाले. पण पुढे असं जमलं की दिग्दर्शकसुद्धा म्हणाले, दार आता एकजीव झालं. मला ते ऐकून उगाचच कानाच्या पाळ्या गरम झाल्यासारखं वाटलं.

फळी ओढायच्या दोरीने माझे तळवे सोलवटायचे. बाईंनी न विचारता उरलेल्या हिरव्या कातडीचे हातमोजे शिवून दिले. परग्रहवासीयांचा कागदी नमुना जवळ होता, त्यावरूनच कापलेले, म्हणून प्रत्येक हाताला सहा बोटं. सहावं बोट रिकामं लोंबायचं. मी ते घालून पाहिले आणि म्हणालो, “बरे आहेत.” आभार मानायला हवे होते हे तीन दिवसांनी, आंघोळ करताना लक्षात आलं. तोवर वेळ टळून गेली होती.

आता एक कबुली देतो, ताईलाही सांगितलं नव्हतं. उजव्या फळीचं चाक फार कुरकुरायचं. तेल घालायचं काम माझं होतं. मी डाव्या चाकाला घालायचो, उजव्याला नाही. ती कुरकुर ऐकली की कळायचं, बाई पलीकडे आहेत. सेहेचाळिसाव्या वर्षी माणूस चाकाच्या कुरकुरीवर जीव टाकतो, याला काय म्हणावं? ताई म्हणाली असती, बावळटपणा. बरोबरच आहे.

आणि मग बातमी आली की या भागानंतर दाराला मोटर बसणार. माझी रवानगी रंगाच्या कोठारात. बाईंना दुसऱ्या गावी, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काम मिळालं. भाग संपला की दोनच दिवसांनी त्या निघणार होत्या.

आमच्या त्या शेवटच्या भागाची गोष्टही काय असावी! यानाचा जो यांत्रिक मेंदू असतो, तो कप्तानाच्या प्रेमात पडतो. म्हणजे पडते. ती रुसते आणि कप्तान चार गोड शब्द बोलल्याशिवाय त्याला एकही दार उघडत नाही. सगळा विनोदी मामला. दिग्दर्शकांनी पहिल्यांदाच आम्हा दोघांना पुढे बोलावलं आणि गंभीरपणे समजावलं की या भागाची नायिका दार आहे. दाराने आधी रुसायचं आहे, मग लाजायचं आहे.

रुसणं मला उत्तम जमलं, कारण त्यात काहीच करायचं नव्हतं. दिग्दर्शकांनी कौतुक केलं. लाजण्यात मात्र आली का पंचाईत. चार इंच उघडायचं, थांबायचं, पुन्हा मिटायचं. माझी फळी चार इंच उघडायची आणि तिथेच अडकायची. कप्तान दोनदा फळ्यांमध्ये सापडला. मनगटाला दोन हिसके, पुन्हा दोन हिसके. पलीकडची फळी मात्र अशी हलायची की बघणाऱ्याला वाटावं, दाराला खरंच काहीतरी होतंय.

शेवटच्या दिवशी सकाळी ताईने माझ्या हातात डबा दिला आणि दारातच अडवलं. तिला मी काही सांगितलं नव्हतं, पण रोज रात्री जेवताना ‘बाई म्हणाल्या, बाई म्हणाल्या’ हे ऐकायला तिला कान होते. ती म्हणाली, “भीड भिकेची बहीण असते. आज बोलला नाहीस तर परवा ती गाडीत बसेल आणि तू जन्मभर माझ्या मागच्या खोलीत.”

ठरवलं, जेवणाच्या सुट्टीत विचारायचंच. बाई खोक्यावर बसून डबा खात होत्या. मी शेजारच्या खोक्यावर बसलो. घसा खाकरला. त्यांनी वर पाहिलं. मी मीठ मागितलं. त्यांनी मीठ दिलं. मी म्हणालो, “पुरे.” घोडनवरा म्हणतात तो असा. बाई क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या, मग डबा बंद करून आपल्या फटीत निघून गेल्या.

शेवटचा शॉट. बंद दारासमोर कप्तान उभा राहून मनातलं बोलतो. मग यान उत्तर देतं. ते उत्तर कुणीतरी नटी मागाहून ध्वनिमुद्रण करून भरणार होती, म्हणून शूटिंगच्या वेळी कप्तानाने पाच आकडे मोजेपर्यंत नुसतं गप्प राहायचं. मग लाल दिवा, दोन्ही फळ्या एकदम उघडतात, कप्तान आत. संपलं. आमचंही संपलं.

माझ्या मनगटाला एक हिसका आला. मीही एक दिला. तयार.

कप्तान बोलू लागला. सकाळपासून ती वाक्यं तो पाच वेळा विसरला होता, त्याचा टोप गोंदाने चिकटवलाय हेही मला ठाऊक होतं. तरी त्या दिवशी तो काय बोलला! म्हणाला, “इतकी वर्षं मी समोर आलो की तू उघडत आलीस. मला वाटायचं, दार म्हणजे उघडणारच. तू मिटलीस तेव्हा कळलं, कुणीतरी मला आत येऊ देत होतं. आता तू सांग, तुला काय हवंय.”

आणि तो गप्प झाला. सगळे गप्प. मी प्लायवूडच्या फटीत, बारा बोटांचे हिरवे हातमोजे घालून, डोळे पुसत उभा. परवाची गाडी दिसायला लागली. गाडीत बसलेल्या बाई दिसल्या. आणि आयुष्यभर जिथे तोंड उघडायला हवं तिथे न उघडणारा मी, जिथे काही झालं तरी उघडायचं नसतं नेमका तिथे बोललो.

“मला तुमच्याशी लग्न करायचंय.”

मोठ्याने. स्वच्छ. त्या शांततेत माझा घोगरा आवाज कोपऱ्यातल्या पंखेवाल्यापर्यंत पोहोचला. यानाने कप्तानाला मागणी घातली, तीही माझ्या आवाजात! कप्तान जुना कसलेला नट, पापणीही लवू न देता उभा राहिला. दिवेवाल्याने सवयीने बटण दाबलं. लाल दिवा लागला. माझ्या हातांनी सवयीने दोरी ओढली. डावी फळी सरसर आत आली.

उजवी जागची हलली नाही.

मला पलीकडचं दिसत नव्हतं. पण कुरकुर नव्हती, एवढं ऐकू येत होतं. दोरा सैल लोंबत होता. एक सेकंद, दोन, तीन. लाल दिवा विझला. बाई आल्यापासून असं कधी घडलं नव्हतं. त्यांचा दिवा चुकत नसे. म्हणजे उत्तर मिळालं, आणि तेही पन्नास माणसांसमोर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मनात माफीची वाक्यं जुळवायला लागलो. रंगाच्या कोठाराला एकच दार आहे आणि त्याला साधी कडी आहे, हेही आठवलं.

मग मनगटाला हिसका बसला. एक.

दुसऱ्याची वाट पाहिली. दुसरा आला नाही. पलीकडे चाक कुरकुरलं. फळी वीतभर सरकली, थांबली, आणि मग हळूहळू पूर्ण उघडली.

दिग्दर्शकांनी तोच शॉट ठेवला. शिव्या मला भरपूर दिल्या, पण म्हणाले, उजवी फळी काय लाजली राव! माझा आवाज पुसून तिथे यानाचा मंजुळ आवाज भरला. वाक्य मात्र तेच, फक्त ‘तुमच्याशी’चं ‘तुझ्याशी’ केलं. माझं आयुष्यातलं एकमेव धाडस असं दुसऱ्याच्या तोंडून घराघरांत गेलं.

तो भाग दीड महिन्याने टीव्हीवर लागला. तोवर आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न करून बाईंच्या गावी बिऱ्हाड केलं होतं. गणवेशाच्या कारखान्याला एक माणूस हवाच होता. तिथलं शटर मी सकाळी वर करतो, संध्याकाळी खाली. पूर्ण शटर, एकट्याने. याला बढती म्हणायला हरकत नाही.

भाग बघायला मुद्दाम ताईकडे आलो. तिघं एका ओळीत बसलो. डावी फळी उघडली, उजवी अडून राहिली, तेव्हा शेवट माहीत असूनही माझी पाचावर धारण बसली. ताई पदराने डोळे टिपत होती. भाग संपल्यावर तिने बाईंना विचारलं की एवढा वेळ कसला विचार करत होतीस?

बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “विचार कसला? दिव्यावर ओढली असती तर ते काम झालं असतं. यांना कधी कळलंच नसतं, दिव्यासाठी उघडली की यांच्यासाठी. म्हणून दिवा विझेपर्यंत धरून ठेवली.”

आता तरी काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी घसा खाकरला.

“बरं केलंत,” मी म्हणालो. आणि या वेळी तीन दिवस न लावता, तिथल्या तिथे हातमोज्यांचेही आभार मानून टाकले.