रूझ आणि रोझ

इंदूवहिनीच्या लॉरीत भूत नव्हतं. एवढं एक वाक्य — पण आजवर ते मी कुणापाशी काढलेलं नाही. बायको गेली, तिलाही नाही. पोरांना तर नाहीच. त्यांना अर्धं मराठी कळतं आणि उरलेलं ऐकायला सवड नसते. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीचं माणूस समोर असलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते.

आणि भूत नव्हतं असं म्हणतो खरा — पण तेही अगदी छातीठोकपणे म्हणवत नाही. ते पुढं येईल. थोडं इकडेतिकडे फिरूनच मला तिथं जाता येणार आहे, तेवढं सांभाळून घ्या.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, आमच्या बेटाच्या उत्तरेला रिव्हिएर दू रांपारला राहायचा. पोमदामूर — म्हणजे आपले टोमॅटो — वांगी, मिरच्या पिकवायचा आणि स्वतःच्या लहान लॉरीतून पोर्ट लुईच्या बाजारात न्यायचा. मी इकडे दक्षिणेला, रोझ बेलला, गाड्यांच्या वायरिंगची कामं करायचो. ऐंशी साल उलटून बरीच वर्षं झाली होती, आणि जपानहून वापरलेली इंजिनं बेटावर यायला लागली होती. काही इंजिनांबरोबर पत्र्याचा एक चपटा डबा यायचा. कॉम्प्युटर. त्यातून तारांचा हा एवढा जुडगा बाहेर पडलेला. भलेभले मिस्त्री तो बघून हात वर करायचे. मी नाही. मला अक्कल होती, आणि अकलेपेक्षा घमेंड जास्त. कॉम्प्युटरचं इंजिन ना, मग रोझ बेलच्या त्या मराठ्याकडे जा, असं लोक म्हणायचे आणि ते ऐकलं की मला त्या दिवशी दोन घास जास्त जायचे.

दादाच्या लॉरीचं जुनं इंजिन बसलं, तेव्हा त्यानं तसलंच एक जपानी इंजिन आणलं. ते लॉरीत चढायच्या आधी तोच गेला. शेतात छातीत कळ आली, तिथंच आडवा झाला. इंदूवहिनी, त्याची बायको, तेव्हा पस्तिशीचीही नव्हती. मूलबाळ नाही. दिवसकार्य उरकल्यावर ती मला म्हणाली की भावजी, लॉरी तेवढी चालू करून द्या, ड्रायव्हर ठेवीन, भाजी नेईन. तिचं पोट त्या लॉरीवर होतं हो.

इंजिन गावच्या मिस्त्रीनं बसवलं. वायरिंग माझं. मी डॅशबोर्डच्या खाली उताणा पडलेलो, दातांत बॅटरी, आणि बॅटरीच्या पिवळ्या उजेडात लाल, गुलाबी, नारिंगी सगळ्या तारा एकाच रंगाच्या दिसतात. म्हणून वहिनीला बाहेर इंजिनापाशी उन्हात उभी केली होती. मी आतून एकेक तार ओढायची, तिकडं जी हलेल तिचा रंग तिनं ओरडून सांगायचा. आमच्या घरात देवाशी आणि भांडताना मराठी, पण यंत्राशी बोलायचं ते क्रेओलमध्येच, बेटाच्या बोलीत. लाल म्हणजे रूझ. गुलाबी म्हणजे रोझ.

लाल तारेत सदा वीज असते, ती थेट गाडीच्या बॅटरीवरून येते. तिला हात लावायचा नव्हता. गुलाबी तार चावी फिरवली तरच जिवंत होते. ती कापून लॉरीच्या चावीला जोडायची होती. मी एक तार ओढली. वहिनी म्हणाली, रूझ. मला ऐकू आलं, रोझ. रोझ बेलचा माणूस ना मी — आयुष्यभर रोझ, रोझ ऐकत आलेला. कापली.

वहिनी खिडकीशी आली, तुटलेलं टोक बघितलं आणि हळूच म्हणाली की मी रूझ म्हटलं होतं, भावजी. मी खेकसलो — ठाऊक आहे मला, तीच कापायची होती. कुणाचा काय अपमान झाला असता हो, चुकलो म्हटलं असतं तर? पण नाही. मग गुलाबीही कापावी लागली, आणि एकाच जागी दोन जोड झाले, शेजारी शेजारी. दोन्हींना कथलाचा डाग द्यायला हवा होता. मी नुसता पीळ मारला, वर स्वस्तातली टेप गुंडाळली. तिचा गोंद उन्हात पाघळतो, हे मला ठाऊक होतं. शेवटची बस पकडायची होती मला. लॉरी पहिल्या चावीला सुरू झाली आणि वहिनी पदर तोंडाला लावून रडली. मी ऐटीत बस पकडली.

दोन आठवड्यांनी तिचा निरोप आला. गेलो. तिन्हीसांजेची वेळ, लॉरी अंगणात आंब्याखाली उभी, चावी वहिनीच्या कमरेला. ती मला म्हणाली, गप बसा आणि बघा. ऊन उतरलं. पत्रा थंड व्हायला लागला. आणि बंद लॉरीत — टिक. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला. मागं पेट्रोलच्या टाकीतून एक घुमारा आला, खोल, घशातून काढल्यासारखा, आणि थांबला. थोड्या वेळानं दिवाही गेला. रोज असंच होतं, ती म्हणाली. दादा शेतातून याच वेळेला घरी यायचा.

काय झालं असेल ते मला त्याच क्षणी कळलं. टेप सरकली असणार. दिवसभर तापलेला पत्रा संध्याकाळी आकसतो, जुडगा ओढला जातो, लाल तार गुलाबीला टेकते, आणि कॉम्प्युटरला वाटतं चावी फिरली. तो पेट्रोलचा पंप क्षणभर चालवून बघतो. बस, एवढंच. सगळं कळत होतं मला. तरी हातावरचे केस उभे राहिले ते राहिलेच.

वहिनीनं विचारलं, काय असेल हे? सांगायला किती वेळ लागला असता? माझा जोड कच्चा आहे, एवढंच तर. पण दारात शेजारची दोन माणसं उभी होती, त्यांतल्या एकाची गाडी माझ्याकडे यायची होती. मी लॉरीकडं बघत म्हणालो, "वायरिंग तर ठीक आहे, वहिनी. दादाच असेल."

असं मी म्हणालो. मेल्या भावाचं नाव घेऊन.

मग काय, सगळीकडे बोभाटा झाला. आधीचा ड्रायव्हर पळाला. नवा आला तो ऊन उतरायच्या आत लॉरी अंगणात लावून पाठ वळवायचा. गावचा गणपती दरवर्षी दादाच्या लॉरीतून समुद्रावर जायचा. त्या वर्षी मंडळींनी गोड बोलून दुसरी लॉरी आणली. वहिनीला त्याचं काही नाही. ह्यांना कुठं गर्दी आवडायची, म्हणाली. ती संध्याकाळी पेलाभर चहा घेऊन लॉरीच्या पायरीवर बसायची. बाजारात कोण काय बोललं, वांग्यांना कीड लागली, सगळं सांगायची. टिक झालं की हसायची. तिच्या गालांवर मांस चढलं. मी बघत होतो आणि मनाला सांगत होतो की बघ, तुझ्या खोटेपणानं एक बाई जगली. स्वतःला शेंडी लावण्यात माझा हात कुणी धरू नये.

तेवढ्यात लालमती गावच्या सखारामनं वहिनीला लग्नाचं विचारलं. लहानसं दुकान होतं त्याचं, बायको वारलेली, वहिनीकडूनच भाजी घ्यायचा. चांगला माणूस. वाईट काही शोधायचा मी फार प्रयत्न केला, सापडलं नाही. वहिनीच्या माहेरचे हो म्हणाले. आमच्याकडून बोलणारा मी एकटाच. तुझं तू बघ, असं मी तोंडानं म्हटलं.

त्या रविवारी सकाळी मी तिच्याकडे गेलो होतो. ती पाटी घेऊन शेतात निघाली होती. उंबऱ्यात थांबली, आणि लाजल्यासारखं हसून म्हणाली, "भावजी, आज मी ह्यांना इचारनार हाय. बत्ती पेटली तर जाईन. न्हाई पेटली तर ऱ्हाईन."

ती गेली. मी अंगणात लॉरीसमोर बसून राहिलो. दुपार झाली. टळटळीत ऊन, वारा पडलेला, ऊस हलत नव्हता, कोंबड्यासुद्धा गप्प. मग मी उठलो आणि पिशवीतून पक्कड, डाग द्यायचं सामान आणि चांगली टेप काढली.

मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो की आगीच्या भीतीनं उठलो. उघड्या तारा, जवळ पेट्रोल — एखादी ठिणगी पुरे. भीती खरी होती. पण ती महिनाभर आधीही खरीच होती ना? तेव्हा नाही उठलो. मी उठलो, कारण ती जाऊ नये असं मला वाटत होतं. दादाची बायको दुसऱ्याच्या ओट्यावर बसून हसणार, हे मला बघवणार नव्हतं. दादा मेला होता, मी जिवंत होतो, आणि तिला हो म्हणायचं की नाही हे माझ्या पकडीत होतं. ते मला आवडलं. हो, आवडलं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं पायरीपाशी बसलो. वहिनीनं नवं लुगडं नेसलं होतं. चहा ठेवला. तिनं मनातल्या मनात विचारलं, ओठ हलले. ऊन उतरलं, पत्रा थंड झाला. काही नाही. आंब्यावर मैना कलकलून गप्प झाल्या. काही नाही. अंधार पडला तरी ती बसून होती, आणि मी तिच्याशेजारी.

तिनं सखारामला नाही म्हणून कळवलं. त्यानं पुढं दुसरीकडं लग्न केलं, मुलं झाली त्याला. वहिनी त्याच घरात म्हातारी झाली. लॉरी पुन्हा कधी बोलली नाही, आणि तिनं त्याचा अर्थ असा लावला की मी दुसऱ्याचा विचार केला म्हणून हे रुसून गेले. संध्याकाळी पायरीवर बसून ती माफी मागायची. लॉरीचे टायर गेले, पत्रा गंजला, तरी मागायची. मी कधी गेलो तर माझ्यासमोरही मागायची, मी चहा पीत असताना. नंतर तीही गेली.

आता राहिलेलं सांगतो. यासाठीच इतका वेळ फिरत होतो.

त्या दुपारी डॅशबोर्डखाली मी टेप सोडली, दोन्ही जोड उघडे केले. हात लागला तशा तारा टेकल्या — टिक, दिवा लागला, पंप घुमला. ते अपेक्षितच होतं. मी दोन्ही तारा लांब केल्या. लाल एका हातात, गुलाबी दुसऱ्या हातात, मध्ये वीतभर अंतर. चावी वहिनीच्या कमरेला, शेतात. आणि दिवा जाईना. मी हातांकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं. मागं टाकीत तो घुमारा पुन्हा सुरू झाला, आणि या वेळी क्षणभर नाही, चालूच राहिला. मी म्हणालो, दादा, पुरे. थोड्या वेळानं थांबलं.

त्यानंतर मी अशी कितीतरी इंजिनं जोडली. तारा वेगळ्या झाल्या की दिवा जातो. प्रत्येक वेळी जातो.

मी डाग दिला, टेप गुंडाळली, डॅशबोर्डची फळी बसवली, हात धुतले.

आणि संध्याकाळी, अंधार पडल्यावर, पायरीवरून उठताना वहिनीनं मला विचारलं होतं. एवढंच एक विचारलं तिनं मला, पुन्हा कधी नाही. "भावजी, तुम्ही दिवसभर हितंच व्हता. दुपारची कधी पेटली व्हती का वो?"

मी म्हणालो, "नाही."

तिनं मान हलवली, गार झालेला चहा लॉरीच्या चाकापाशी ओतला आणि पेला धुवायला आत गेली.