वगारीचं वजन

गोडादऱ्यात म्हशी पाळणाऱ्या सुभद्राबाईंची वगार, अजून न व्यालेली तरुण म्हैस, तीन वर्षांची झाली, तरी माजावर येईना. "वांझ आहे मेली, विकून टाकते," म्हणत त्यांनी खात्रीसाठी जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. त्यानं वगारीच्या छातीला टेप लावून वजन काढलं.

"मावशी, जेमतेम दोनशे किलो. अंग भरल्याशिवाय माज येत नाही. खायला काय घालता?"

"वाळका कडबा. पेंड दुभत्या म्हशींना. हीच रीत."

"मग हिला कशाला बोल लावता?"

बाईंना आपलं सासर आठवलं. चौदाव्या वर्षी त्या सासरी आल्या, तेव्हा त्यांना पाळीही आली नव्हती. सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलंसुरलं खायचं, आणि वर सासूच्या तोंडून वांझ ऐकायचं.

संध्याकाळी पेंडीचं पहिलं घमेलं वगारीपुढं गेलं. दुभत्या म्हशी ओरडायला लागल्या.

"ओरडा खुशाल," बाई म्हणाल्या. "आधी ही जेवेल."