आमचे आतोबा आणि मुका बादशहा

आमच्या आतोबांएवढा मोठा नट वऱ्हाडात झाला नाही, हे मी आज पंच्याहत्तरीतही कुणाशीही भांडून सांगायला तयार आहे. आतोबा म्हणजे आत्याचे यजमान, अकोल्याचे. तरुणपणी एका नाटक कंपनीत ते राजे, सरदार आणि सासरे करत. आवाज असा की बाजारात त्यांनी वांग्यांचा भाव विचारला, तर पलीकडचा कांदेवालासुद्धा दचकून आपला भाव सांगे. जेवताना मीठ मागत तेही दरबारात फर्मान काढल्यासारखं. आत्या शांतपणे म्हणायची, "मीठ समोरच आहे, महाराज."

आणि हा असला माणूस शिरला मूकपटात! तिथे बादशहाचं काम मिळालं. दिग्दर्शक म्हणाला, नुसते ओठ हलवा, आवाज कुठेही उमटणार नाही. आतोबांनी त्याला ठणकावलं, "लोकाईले ऐकू येत नाही म्हनून मी काहून अर्धं बोलू?" आणि प्रत्येक वाक्य पूर्ण, पल्लेदार म्हटलं. पुढे बोलपट आले तेव्हा आता यांचंच राज्य, असं सगळ्यांना वाटलं. पण पहिल्याच दिवशी ध्वनिमुद्रण करणाऱ्याने स्वतःचे कान झाकून घेतले. आतोबांना माइकपासून चार पावलं मागे नेलं, मग आणखी चार. "असा मांगं मांगं सरकत मी चित्रातूनच भायेर गेलो," हे ते हसत सांगत. हसून झाल्यावर मात्र थोडा वेळ पानाच्या डब्याची उघडझाप करत बसत.

मी अमरावतीला कॉलेजात असताना त्या मूकपटाची दोन रिळं कुणालातरी सापडली. एका दुपारी आमच्या सभागृहात ती दाखवली. मी हौसेने आतोबांना अकोल्याहून बोलावलं आणि चौथ्या रांगेत माझ्याशेजारी बसवलं. पडद्यावर बादशहा आला, डोळे वटारून हात फेकू लागला आणि पोरं फिदीफिदी हसली. कुणीतरी शिट्टी मारली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला वळलो, तर आतोबा उभे राहिले होते.

"सेनापती, न्या माझ्या मुलाला! पण त्याच्या पायातली बेडी मला माझ्या हातांनी काढू द्या!"

चाळीस वर्षांपूर्वीचं वाक्य, पडद्यावरच्या ओठांशी अक्षराला अक्षर जुळलेलं. हसू जागच्या जागी विरलं. रीळ संपेपर्यंत सत्तरीचे आतोबा त्या तरण्या बादशहाला आवाज देत उभे होते. मग टाळ्या. पोरं बाकांवर चढली. आतोबा घाम पुसत माझ्या कानाशी वाकले, "मांगच्या रांगेपर्यंत गेला ना रे आवाज?"

परतीच्या एसटीत ते खिडकीशी टेकून झोपले. "तुमचे कोन होत हे?" शेजारच्या बाईंनी विचारलं. "सिनेमातले नट आहेत," मी मुद्दाम सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणालो. त्यांनी डोळे उघडले नाहीत. फक्त मान जरा ताठ केली.

ती रिळं पुढे ओल लागून चिकटली आणि टाकून द्यावी लागली. ती दुपार पाहिलेले आम्ही आता मोजकेच उरलो आहोत.